डाव्या मडगार्डचा पोचा

कडकमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते लाँड्रीनं दिलं. इस्त्री कडक हवी की साधी, असं गिऱ्हाइकाला विचारायची सगळीकडे पद्धत असते. ही बाई विचारत नसे. तिच्या टेबलावरून गेलेला शर्ट कडकच जायचा, आणि कुणी कुरकुर केलीच तर त्याला जे ऐकून घ्यावं लागे तेही तितकंच कडक असे. मालकसुद्धा तिच्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली करायचा.

चोवीस वर्षं ती त्या लांबट, वाफेनं कोंदलेल्या खोलीत उभी राहिली. उभीच, कारण ते काम बसून होत नाही. टेबलाखाली उजव्या पायाशी एक पेडल असतं. ते दाबलं की टेबल वाफ खाली ओढून घेतं आणि कापड जागच्या जागी बसतं. कॉलर, खांदा, बाही, पेडल. पाठ, पुढा, पेडल. दिवसाकाठी हजार वेळा तरी तो पाय खाली जायचा. हा उजवा पाय लक्षात ठेवा, पुढचं सगळं महाभारत त्याच्यावरून झालं.

तिचे यजमान गॅरेजांच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, गाड्यांचे पोचे काढायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. तीही बाहेर ‘आमचे मिस्त्री’ म्हणायची आणि घरात ‘अहो’. गाडी कुठे धडकली की पत्रा आत जातो, तो पोचा. बाकीचे कारागीर त्या खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात, वरून रंग मारतात आणि मोकळे होतात. मिस्त्रींना पुट्टीचा डबा नुसता दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. ते बाहेरून लोखंडी ठोकळा टेकवायचे, पत्र्याच्या मागे हात घालून आतून हातोडीनं टकटक करायचे, आणि पत्रा इतक्या सावकाश वर आणायचे की रंगालाही पत्ता लागू नये. मधूनमधून हातोडी ठेवून, डोळे मिटून, पत्र्यावरून तळहात फिरवायचे. त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता, हातावर होता.

बोलण्याच्या बाबतीत मात्र हा माणूस पक्का कंजूष. दिवसाला वीस शब्द खर्च झाले तर त्यांना उधळपट्टी केल्यासारखं वाटायचं. त्यांच्या वाटणीचंही मावशीच बोलून टाकायची. पलीकडच्या गल्लीत राहणारी नणंद येता-जाता म्हणायची, की या घरात कपड्याला सुरकुती आणि भांड्याला पोचा शोधून दाखवा, दादा-वहिनींनी काही शिल्लक ठेवलेलंच नाही. हे कौतुक होतं. पुढे याच कौतुकाच्या गोष्टीनं दोघांना चांगलंच गोत्यात आणलं.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मावशी कामावर निघाली होती. बँकेच्या कोपऱ्यावर दुकानांची शटर अजून खाली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती रस्ता ओलांडत असताना एक करडी गाडी डावीकडे वळली. हॉर्न नाही, ब्रेक नाही. मावशी बुटकी आहे. गाडीचा पुढचा डावा कोपरा तिच्या उजव्या खुब्यावरच येऊन बसला. ती फेकली गेली आणि पडल्या पडल्या तिला पहिलं काय दिसलं, तर चालवणाऱ्याच्या कानाला लावलेला मोबाईल. माणूस उडवलं तरी ह्याचं बोलणं चालूच होतं, हे ती अजूनही सांगते, आणि सांगताना तिचा आवाज चढतो.

गाडीवाला पळाला नाही, हे मान्य करायला हवं. पळाला असता तर बरं झालं असतं. निदान तो कोण होता याबद्दल कुणाचा गैरसमज झाला नसता. तो थांबला. तिला मागच्या सीटवर घातलं, दवाखान्यात नेलं, स्वतःच्या रुमालानं तिच्या कपाळावरचं रक्त टिपलं. परीटघडीचे कपडे, मऊ आवाज, वाक्यागणिक ‘ताई’. दवाखान्याच्या खिडकीवर फॉर्मही त्यानंच भरला. अक्षर अगदी मोत्यासारखं. ‘काय झाले’ या रकान्यात त्या मोत्यांनी लिहिलं होतं: रस्त्याच्या कडेला पडलेल्या आढळल्या.

मावशी तेव्हा स्ट्रेचरवर कळवळत होती. मिस्त्री धापा टाकत आले आणि सही करा म्हटलं तिथे सही करून मोकळे झाले. मग साहेबांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं की पोलीसबिलीस काही नको, मी आहे, शेवटपर्यंत सगळं मी बघेन. मिस्त्रींशी माणसं बोलतात ती गाडीची काच चार बोटं खाली करून. कुणा साहेबानं त्यांचा काळवंडलेला हात हातात घ्यायची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पोलिसांत तक्रार गेली नाही.

आणि मग मिस्त्रींनी तो पराक्रम केला. तिसऱ्या दिवशी साहेब फळं घेऊन दवाखान्यात आले. मिस्त्री त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. गाडी उन्हात उभी होती आणि तिच्या डाव्या मडगार्डला खड्डा होता. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले, जवळ गेले, त्यावर हात ठेवला. मग म्हणाले, साहेब, गाडी माझ्याकडे ठेवून जा.

दीड दिवस ते त्या मडगार्डला लागले होते. पैशाचं विचारलं तर कानाला हात लावले. पावती नाही, वहीत नोंद नाही, फोटो नाही. इकडे बायको खुब्यात सळई घालून पडलेली, आणि तिकडे नवरा तिला उडवणाऱ्या गाडीचं तोंड पुन्हा होतं तसं करून देतोय. काम तरी कसं केलं म्हणता? खड्डा नक्की कुठे होता, हे खुद्द साहेबांनाही बोट ठेवून सांगता आलं नसतं.

दोन-तीन आठवडे साहेबांचा फोन लागत होता, मग तो लागेनासा झाला. कारण पुढे कळलं. गाडीचा विमा अपघाताच्या अकरा दिवस आधीच संपला होता. म्हणजे जे काही द्यायचं ते विमा कंपनी देणार नव्हती, साहेबांच्या खिशातून जाणार होतं. मिस्त्रींचं मत असं की माणूस घाबरला बिचारा. मावशीचं मत असं की फॉर्मवर ते मोती सांडले तेव्हाच ह्याचं सगळं ठरलेलं होतं. ‘बिचारा’ या शब्दावरून घरात दोन दिवस चूल थंड होती.

वॉकर घेऊन मावशी साहेबांच्या ऑफिसात गेली. काचेच्या दाराबाहेर तिला दीड तास बसवून ठेवलं, खुर्चीही अशी की उठताना जीव जावा. शेवटी तो बाहेर आला. सगळं ऑफिस ऐकत होतं. दुखावलेल्या आवाजात तो म्हणाला, "ताई, रस्त्यात पडलेल्या बाईला मी दवाखान्यात पोचवलं. माणुसकी दाखवली, हीच माझी चूक झाली का?"

टेबलांमागच्या मुली मावशीकडे बघायला लागल्या. त्या नजरेत कीव होती आणि थोडी किळसही होती, चांगल्या माणसाच्या गळ्यात पडायला आलेल्या बाईबद्दल वाटते तशी. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला शब्द सापडेनात. ती वॉकर सरकवत बाहेर आली, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली, आणि मग सगळे शब्द सापडले. एकामागून एक, एकाहून एक. ऐकायला फक्त वॉचमन होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की सळईनं हाड जुळेल पण सांधा गेला आहे. तो बदलला तर ती आणखी पंधरा वर्षं टेबलाशी उभी राहील; नाही बदलला तर पाय इंचभर आखूड आणि उभं राहणं संपलं. त्या ऑपरेशनचा खर्च लाँड्रीतल्या बाईच्या आणि पोचे काढणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला नव्हता. लाँड्रीच्या मालकानं चांगुलपणानं तिला बसायचं काम दिलं: आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचायच्या. स्टुलावर बसून ती चिठ्ठ्या टाचायची आणि तिच्या टेबलाशी उभी असलेली नवी बाई शर्टाच्या बाहीला दुहेरी घडी पाडताना बघायची. संध्याकाळपर्यंत तिचे दात आवळून आवळून दुखायला लागत.

तिला सांधा हवा होता आणि तिचं टेबल हवं होतं. आणि आणखी एक गोष्ट हवी होती, तीही तितकीच: त्या गाडीनं तिला उडवलं, असं कुठेतरी, कुणीतरी, शिक्का मारून लिहिलेलं.

म्हणून वकीलबाई गाठल्या. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. खालच्या यंत्रानं जमीन सतत थरथरायची. बाई तरुण होत्या, पण ऐकून घ्यायच्या. आधी उशिराची का होईना, पोलीस तक्रार करायला लावली, मग नुकसानभरपाईचा दावा घातला. मग पुरावे विचारायला लागल्या. साक्षीदार? कुणी नाही. बँकेचा कॅमेरा? तो आठ दिवसांचंच ठेवतो. गाडीच्या पोच्याचा फोटो? मावशीनं मिस्त्रींकडे असं पाहिलं की वकीलबाईंनी पुढचा प्रश्न घाईनं विचारला. दुरुस्तीची पावती? पुन्हा तेच पाहणं. बरं, मग अपघाताच्या दिवशीचे कपडे? त्यांवर रस्त्याची घासट, रक्त, काहीही असेल तरी चालेल.

मावशी गप्प झाली.

कारण घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं होतं, तर नणंदेकडून बादली मागवली. मीठ आणि थंड पाणी, मग साबणाचा चुरा, मग लिंबू; रक्ताचे डाग असे निघतात की शोधून सापडू नयेत. रस्त्याचा काळपट ओरखडा निघायला दोन दिवस लागले, पण निघाला. मग खाटेवर बसल्या बसल्या, एका हातानं, त्या कपड्यांना तिनं इस्त्री केली. कडक. कपाटात घडी तयार होती.

सहा महिने ती नवऱ्याला येता-जाता सुनावत होती, की पुरावा आपल्या हातानं पुसणारा माणूस उभ्या जगात एकच असेल आणि तो नेमका माझ्या कपाळी आला. मिस्त्रींना कपड्यांचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी एकदाही ते तोंडातून काढलं नव्हतं. आताही ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यांनी एक शब्द जरी उलटून फेकला असता तरी तिला बरं वाटलं असतं. घरी जाताना तिनं रिक्षात त्यांच्याकडे पाठ करता येईल तितकी केली, आणि त्या दिवसापासून जिना चढताना त्यांचा खांदाही धरेनाशी झाली. काठी पुरे, म्हणाली.

पोलिसांनी सरकारी वाहन निरीक्षकाकडून गाडी तपासून घेतली. त्यानं मडगार्डवर टिचक्या मारल्या, लोहचुंबक फिरवलं. पुट्टी असली की चुंबक निसटतं. इथे ते जिकडेतिकडे घट्ट बसलं. रंगाची जाडी मोजली, ती कारखान्यातून आली तशीच. अहवालात त्यानं लिहिलं: पत्रा सरळ, मूळ रंग शाबूत, अपघाताची कोणतीही खूण नाही. त्या अहवालाची प्रत मावशीनं स्वयंपाकघरात बसून वाचली. नवऱ्याच्या कामाची इतकी स्तुती आजवर कुणी कागदावर केली नव्हती.

तो कागद तिनं त्यांच्यासमोर आपटला. नणंद तिथेच होती, तिनं गुपचूप गॅस बारीक केला. मावशीनं सुरुवात केली ती त्या हात हातात घेणाऱ्या साहेबापासून. म्हणाली, की एक मोठा माणूस दोन शब्द गोड बोलला तर तुम्ही त्याच्या पायाशी लोळण घेतलीत, माझी मोडलेली हाडं तुम्हाला दिसली नाहीत, त्याचा पत्रा दिसला. बरंच बोलून झाल्यावर तिचा श्वास संपत आला.

"एवढं ठोकलंत, एवढं घासलंत," ती म्हणाली, "तुमच्या हाताची एक खूण तरी राहू द्यायची होतीत."

"राहिलीय," मिस्त्री म्हणाले.

नणंदेनं गॅस बंदच केला.

मिस्त्री ज्याच्या हाताखाली काम शिकले त्या म्हाताऱ्या उस्तादाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पोचा काढला की आतून पत्र्याला तांबडं लावतात, गंज धरू नये म्हणून. उस्ताद त्या तांबड्यात अंगठा बुडवायचा आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला उमटवायचा. प्रत्येक गाडीला नाही. जे काम स्वतःचं म्हणून सोडवत नाही त्यालाच. मिस्त्रींना सही येते, पण त्यांनीही अंगठाच चालू ठेवला. बाहेरून तो कुणाला दिसत नाही, दाखवायचा नसतोच. त्या करड्या गाडीच्या डाव्या मडगार्डच्या आत, चाकावरचं प्लॅस्टिक काढलं की, वरच्या कोपऱ्यात तो आहे.

मावशीनं विचारलं, की इतके दिवस वकीलबाई पुरावा पुरावा म्हणून घसा कोरडा करतायत, तेव्हा तुमची दातखीळ बसली होती का. मिस्त्री म्हणाले, पुरावा म्हणजे कागद असतो असं वाटलं. पण तिला टोचलं ते दुसरंच. तिनं थंडपणे विचारलं, "म्हणजे ते काम इतकं मनासारखं झालं होतं, की अंगठा ठेवावासा वाटला?"

मिस्त्रींनी तो आपटलेला कागद उचलून घडी करून ठेवला. पुरावा सापडला त्या संध्याकाळी ती नवऱ्याशी बोलायची थांबली.

गाडी कोर्टात उघडून बघावी असा अर्ज वकीलबाईंनी केला. साहेबांच्या वकिलानं हरकत घेतली. एक तारीख गेली, दुसरी गेली, तिसरीला न्यायाधीश आजारी पडले. चौथ्या तारखेला हुकूम झाला. कोर्टाच्या मागच्या अंगणात, सायकलींच्या शेजारी, करडी गाडी येऊन उभी राहिली. तिला पाहिल्यावर मावशीच्या खुब्यात कळ गेली, पण ती काठी रोवून उभी राहिली. तोच निरीक्षक आला होता. त्यानं स्क्रू काढले, प्लॅस्टिक खाली ओढलं, टॉर्च आत धरला आणि जरा वेळ तसाच वाकून राहिला. मग न्यायाधीशांना म्हणाला, की आहे. तांबडा, स्वच्छ, रेघ न रेघ उमटलेला. मिस्त्रींचा अंगठा शाईत बुडवून कागदावर घेतला, तो जुळला.

आता तरी साहेबांना लाज वाटेल, असं नणंदेला वाटलं होतं. साहेबांनी वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुढच्या तारखेला गोष्टच बदलली. हो, गाडीला पोचा होता, तो या मिस्त्रीनं काढला, हेही आता आठवलं. पण तो बंगल्याच्या फाटकाचा खांब लागून पडलेला. बाईंशी त्याचा काही संबंध नाही. साहेबांनी हे शपथेवर सांगितलं आणि रुमालानं चष्मा पुसला. मावशीनं तो रुमाल ओळखला.

मग मिस्त्री पिंजऱ्यात उभे राहिले. तिला त्यांच्याकडून कसलीही आशा नव्हती. हा माणूस दुकानात उरलेले पैसे मागायला लाजतो, तो इथे काय बोलणार? समोरच्या वकिलानं गोड आवाजात सुरुवात केली. अपघात तुम्ही पाहिला का? नाही. पोचा पडताना पाहिला का? नाही. मग तो खांबाचा नव्हता हे कशावरून म्हणता?

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं. मग हळूहळू, एकेक शब्द ठोकून सरळ करत, त्यांनी सांगितलं. खांब लागला की पत्र्याला घडी पडते आणि रंग खरवडतो. मग रंग लावावाच लागतो, त्याला इलाज नाही. मी रंग लावलेला नाही. निरीक्षक साहेबांनीच लिहिलंय, मूळ रंग शाबूत. पत्रा एवढा आत जातो आणि रंगाला ओरखडा येत नाही, असं अंग लागल्यावरच होतं. माणसाचं किंवा जनावराचं.

न्यायाधीशांनी अहवालाचं पान उलटून पुन्हा वाचलं. ज्या कागदानं मावशीची झोप उडवली होती, तोच कागद आता तिच्या बाजूनं बोलत होता. वकील तिथेच थांबला असता तर त्याच्या अशिलाचं थोडं तरी वाचलं असतं. पण अंगठ्यानं त्याचा पापड मोडला होता. त्यानं विचारलं, "जनावर म्हणता ना? मग कुत्रं असेल, गाय असेल. ह्या बाईच, हे कशावरून?"

त्यांनी उजवा हात वर केला. बोटं जुळवलेली, तळवा किंचित खोलगट, जणू कशावर तरी अलगद ठेवलाय असा.

"मी त्यात हात ठेवला होता," ते म्हणाले. "दवाखान्याच्या फाटकात. एकतीस वर्षं संसार केलाय साहेब. हाताला कळलं. तिचा खुबा होता तो."

कोर्टात मागे कुणीतरी खाकरलं. वकील लगेच म्हणाला, "कळलं होतं, तर मग काढलात कशाला? साहेबांना खूश करायला?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "ती आत पडली होती, आणि तिचा खड्डा घेऊन ही गाडी गावभर फिरणार होती. सिग्नलला उभी राहणार, लोक बघणार. मला ते बघवलं नाही. म्हणून काढला."

वकील खाली बसला. न्यायाधीश लिहीत होते. साहेब मोबाईलमध्ये बघत होते.

निकाल लागायला आणखी पाच महिने गेले. त्यात शिक्का मारून लिहिलेलं आहे, की सदर वाहनाच्या धडकेनंच अर्जदार जखमी झाल्या. सांधा बदलला, पैसे साहेबांच्याच खिशातून गेले, आणि ‘माझी चूक झाली’ हे तो माणूस शेवटपर्यंत म्हणाला नाही. त्याच्यावरचा मावशीचा राग आजही जसाच्या तसा आहे. ती तो कुणाला पुसू देत नाही, आणि बरोबर करते.

पण त्या साक्षीच्या दिवशी निकाल कुणाला माहीत होता? कामकाज संपल्यावर ती कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर येऊन बसली. मिस्त्री शेजारी बसले, मधे एक हात अंतर ठेवून. नणंद पाणी आणायला गेली. मावशीच्या डोक्यात घण पडत होते. इतके महिने तिनं ह्या माणसाला लाचार समजून झोडपलं होतं, आणि ह्यानं मुकाट झोडपून घेतलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, ते घरात नाही, बायकोसमोर नाही, परक्या वकिलासमोर बोलला. तिला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

"आणि अंगठा?" तिनं समोर बघत विचारलं.

"तुझं होतं ते," मिस्त्री म्हणाले. "तसंच कसं सोडवणार?"

तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "मला विचारायचं होतंत. तो पोचा माझा होता."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मावशीनं काठी त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या खांद्याला धरून ती उठली.